पार्किंगचं मशीन बंद, दंड मात्र चालू

सुटे_पैसे

पार्किंगचे पैसे द्यायला माझी ना नाही. जागा लागते, दिवे लागतात, झाडलोट लागते, घ्या पैसे. पण मी पैसे हातात घेऊन उभा असताना ते घ्यायला कुणी नाही, आणि मग दिले नाहीत म्हणून दंड मलाच, हा कुठला न्याय? यूकेत राहणाऱ्यांनी इथे मन मोकळं करावं. बाकीच्यांनी आपापल्या गावचं सांगावं.

परवाचंच घ्या. डॉर्सेटच्या किनाऱ्यावर गेलो होतो, आईबाबा पुण्याहून आलेत म्हणून. पार्किंगात दोन मशिनं. एकावर काळी पिशवी चढवलेली. दुसऱ्यापुढे रांग, आणि वारा असा की पुढच्या बाईंच्या हातातली छत्री उलटी झालेली. आमचा नंबर आला. दोन पौंडाचं नाणं टाकलं, खालून खण्णकन परत. पुन्हा टाकलं, परत. एक पौंडाचं घेतलं, दुसरं नाकारलं. कार्ड लावलं तर 'कृपया थांबा', आणि मग स्क्रीन थेट सुरुवातीच्या पानावर. घेतलेला पौंड गेला तो गेलाच. बाबा मागून म्हणतायत, "अरे, इथल्या माणसाला सांग ना." कुठल्या माणसाला?

राहिलं अ‍ॅप. ते उतरवून घ्यायला सिग्नल नाही. टेकाडावर चढलो, एक दांडी मिळाली. नाव, ईमेल, गाडीचा नंबर, कार्डाचा नंबर, बँकेचा ओटीपी. ओटीपी येईपर्यंत पानाची वेळ संपली. शेवटी पैसे भरले, पावती ईमेलवर आली, आम्ही वडापाव खाल्ले, समुद्र पाहिला, घरी आलो.

दहा-बारा दिवसांनी पत्र. शंभर पौंड, चौदा दिवसांत भरले तर साठ. कारण काय, तर कॅमेऱ्याने गाडी आत येताना टिपली ती वेळ आणि मी पैसे भरले ती वेळ यांत फार अंतर आहे. म्हणजे त्यांच्या मशीनपुढे घालवलेला वेळ माझ्याच नावावर!

अनुजा_ब्रिस्टॉल

सुटे_पैसे, आधी साठ पौंड भरू नका. भरले की प्रकरण मिटलं असं धरतात, मग अपील नाही.

दुसरं, पत्र कुणाचं आहे ते नीट बघा. कौन्सिलचं (म्हणजे इथल्या नगरपालिकेचं) असेल तर तो कायद्याने लावलेला दंड. खाजगी कंपनीचं असेल तर ती कराराची मागणी, म्हणजे 'तुम्ही आमच्या पाटीवरच्या अटी मान्य करून गाडी लावलीत' असा त्यांचा दावा. पत्रं मुद्दाम सारखी दिसतील अशी काढतात, पिवळा-काळा पट्टा वगैरे. कौन्सिलच्या दंडाविरुद्ध आधी कौन्सिलकडे आणि मग स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाता येतं. खाजगी असेल तर आधी कंपनीकडे अपील, ते फेटाळलं की कंपनी ज्या संघटनेची सभासद आहे त्यानुसार पोप्ला किंवा आयएएस यांच्याकडे (भारतातले अधिकारी नव्हेत, अशी अपिलं ऐकणाऱ्या या इथल्या संस्था).

'खाजगी पत्र कचऱ्यात टाका, काही होत नाही' असं सांगणारे मित्र प्रत्येकाला असतात. २०१२ च्या कायद्यानंतर इंग्लंड-वेल्समध्ये ते धोक्याचं आहे. त्या कायद्याने खाजगी जागेवर चाकाला क्लॅम्प लावणं बंद झालं हे चांगलंच, पण बदल्यात गाडी कोण चालवत होतं हे कळलं नाही तरी गाडीच्या नोंदणीधारकाकडे पैसे मागायची सोय कंपन्यांना मिळाली. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत एक खटला गेला होता. चेम्सफर्डच्या एका दुकानसंकुलात दोन तास फुकट पार्किंग, तिथे एक गृहस्थ जवळपास तासभर जास्त थांबले, ८५ पौंडांची मागणी आली. ते शेवटपर्यंत लढले आणि हरले. रक्कम अवाजवी नाही असं कोर्टाने म्हटलं.

पण तुमची बाजू भक्कम आहे. डर्बीत एका बाईंना असंच झालं होतं. सिग्नल नाही म्हणून पैसे भरायला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागले, रोज पूर्ण पैसे भरूनही मागणी साठत साठत १९०६ पौंडांवर गेली. पेपरात बोंबाबोंब झाली, कंपनीने दावा सोडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये या धंद्याच्या संघटनांना आपल्या आचारसंहितेत बदल करावा लागला. कॅमेऱ्यावर चालणाऱ्या पार्किंगात निघण्याआधी पूर्ण पैसे भरले असतील तर 'उशिरा भरले' म्हणून दंड नाही. अपिलात हेच लिहा. ईमेलची पावती जोडा.

दगडफूल

वाचून फार बरं वाटलं. मला वाटायचं छळ फक्त पुण्यातच होतो. 😀

आमच्याकडे मशीनबिशीन नाही. गाडी लावेपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नसतं. इंजिन बंद केलं की झाडामागून एक माणूस उगवतो, हातात पावतीपुस्तक. "वीस रुपये." पावतीवर दहा छापलेले. विचारलं तर, "साहेब, पावती पायजेल का?" म्हणजे पावतीशिवाय दहा, पावतीसकट वीस. पण एक सांगतो, याच माणसाने मला एकदा "साहेब, टोइंगवाले येतायत, काढा लवकर" म्हणून दुकानातून हाक मारून बोलावलंय. तुमचं मशीन हे करेल का?

नट_बोल्ट

या मशिनांच्या देखभालीचं काम काही वर्षं केलंय (इंग्लंडमध्येच, कंपनीचं नाव नको), म्हणून आतली बाजू सांगतो. शिव्या सावकाश घाला.

नाणं आत गेलं की ते एका उतारावरून घरंगळतं. बाजूला तारेची वेटोळी असतात. नाणं त्यांच्या चुंबकीय क्षेत्रातून जाताना धातू, व्यास, जाडी यांची सही उमटते, ती मशीनच्या यादीतल्या सहीशी जुळली तर नाणं पेटीत, नाही तर खाली. उतारावर धूळ, कोल्ड्रिंकचा चिकटा, ओल असेल तर वेग बदलतो आणि खरं नाणंही नाकारलं जातं. लोक नाणं मशीनच्या पत्र्यावर घासतात. प्रत्येक मशीनवर त्या जागी रंग उडालेला असतो. घासण्याने काहीही होत नाही. दुसऱ्या वेळी नाणं जरा वेगळं घरंगळतं, एवढंच. हळू सोडा, ढकलू नका.

नाणी बदलली की आमची दैना. २०१२ मध्ये पाच आणि दहा पेन्सची नाणी पोलादी आणि थोडी जाड झाली. २०१७ च्या मार्चमध्ये बारा बाजूंचा नवा पौंड आला आणि त्याच ऑक्टोबरात जुना बाद. देशभरातल्या प्रत्येक मशीनला नवी सही शिकवायची, तीही गावोगाव फिरून.

कार्डाचं दुखणं वेगळं. बऱ्याच मशिनांत थ्रीजीचं सिम होतं. २०२३-२४ मध्ये इथल्या बहुतेक मोबाइल कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं. मोडेम बदलायला पैसे लागतात, ते मालकाने द्यायचे. कित्येकांनी मोडेम बदलण्याऐवजी पाटी बदलली: 'फक्त अ‍ॅपने पैसे भरा'. सुटे_पैसे, तुमची ती काळी पिशवी याच जातीची असणार.

आणि वर सौर पॅनेल. कागदावर छान दिसतं. डिसेंबरात, झाडाखाली, दुपारी चारला अंधार पडणाऱ्या देशात ती बॅटरी काय जीव धरणार?

सुटे_पैसे

नट_बोल्ट, फार उपयोगी माहिती. पण तुमच्या सगळ्या प्रतिसादाचा अर्थ हाच ना, की बिघाड का होतो हे त्यांना पक्कं माहीत आहे? मग मशीन बंद होतं याची नोंद त्यांच्याकडे असणारच. ती पत्र पाठवण्याआधी कुणी बघत का नाही?

नट_बोल्ट

नोंद असते. मशीन स्वतःच संदेश पाठवतं: कागद संपला, नाणं अडकलं, बॅटरी खाली. (सिम चालू असेल तर!) पण पत्रं काढणारी प्रणाली वेगळी, कॅमेऱ्याची वेगळी, बऱ्याचदा कंपन्याही वेगळ्या. एकमेकांशी बोलायची कुणालाच घाई नसते. म्हणून अपिलात 'त्या दिवशीचा मशीनचा दोषनोंदीचा तक्ता द्या' असं मागा. मी असताना तो मागितला की निम्मी प्रकरणं तिथेच थंड व्हायची, कारण शोधून द्यायचा कंटाळा.

चकली

माझी वेगळी कथा. मशीन गाडीचा नंबर विचारतं. बटणं इवलीशी, त्यांच्यावरची अक्षरं पुसलेली, उन्हात स्क्रीन दिसत नाही. शून्य आणि इंग्रजी ओ शेजारी-शेजारी नाहीत, दोन टोकांना. एक अक्षर चुकलं तर यंत्राच्या लेखी तुमच्या गाडीचे पैसे भरलेच गेले नाहीत, मग हातात तिकीट असलं तरी. माझ्या सासूबाईंच्या नावाने असंच पत्र आलं. त्या बिचाऱ्या घाबरून गेल्या, आयुष्यात कधी दंड भरलेला नाही. खाजगीवाल्यांच्या आचारसंहितेत एखाद-दुसऱ्या अक्षराची चूक असेल तर मागणी रद्द करावी असं आहे, ते लिहून कळवलं, रद्द झालं. पण ते आपण लिहायचं! ते आपणहून बघणार नाहीत.

जाता जाता, जुन्या तिकिटांची आठवण आहे का कुणाला? गाडीत पुढच्या काचेखाली ठेवायचं, दार लावलं की वाऱ्याने उडून पालथं पडायचं. छापील बाजू खाली, म्हणून दंड. उन्हात ठेवलं तर तो कागदच फिका पडायचा.

म्युनिककर

जर्मनीत या प्रश्नाचं उत्तर वाहतूक नियमांतच लिहिलेलं आहे. तिकिटाचं मशीन बंद असेल तर निळी पार्किंग चकती लावायची. पुठ्ठ्याची असते, तीवर घड्याळाचा काटा, आल्याच्या वेळेनंतरच्या अर्ध्या तासावर फिरवायचा आणि काचेमागे ठेवायची. त्या जागी जेवढा वेळ जास्तीत जास्त थांबायची मुभा आहे तेवढा वेळ थांबा. पैसे नाहीत. शेजारी दुसरं चालू मशीन असेल तर मात्र तिथून तिकीट घ्यायला हवं.

चकती पेट्रोल पंपावर मिळते, कधी बँकेवाले फुकट वाटतात. प्रत्येक गाडीत असतेच. माझ्या ऑफिसातला माणूस मशीन बंद दिसलं की लॉटरी लागल्यासारखा चकती काढतो. नियम रस्त्यांवरच्या आणि नगरपालिकेच्या जागांचा आहे, हे खरं. सुपरमार्केटच्या आवारात खाजगी कंपन्यांचा छळ इथेही सुरू झालाय.

सुटे_पैसे

म्युनिककर, मला नेमकं हेच म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. मशीन बंद पडलं तर नुकसान मशीनच्या मालकाचं, असं कायद्यानेच ठरवून टाकलं की तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त करतो. इथे मशीन बंद राहिलं तर मालकाचा तोटा तर नाहीच, उलट शंभर पौंडांच्या पत्रांतून चार पैसे जास्तच सुटतात. कोण कशाला दुरुस्त करेल?

मालाडचा_मामा

जरा उलट सूर लावतो. तुम्ही सगळे परदेशात बसून दंडावर रडताय, आमच्याकडे दंड नाही म्हणून काय होतं ते बघा. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या. अग्निशमनची गाडी वळू शकत नाही. फुटपाथवर बुलेट. प्रत्येकाला चार चाकं हवीत, ती ठेवायला जागा मात्र महापालिकेने फुकट द्यायची. २०१९ च्या जुलैत मुंबईत सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास वाटेल तिथे गाडी लावली तर मोटारीला दहा हजारांचा दंड सुरू केला होता. पहिले काही दिवस रस्ते असे मोकळे झाले की ओळखू येईनात. मग हळूहळू जैसे थे.

डोनाल्ड शूप म्हणून कॅलिफोर्नियात प्राध्यापक होते, २०२५ मध्ये गेले. त्यांनी आयुष्यभर एकच सांगितलं: रस्त्यावरचं पार्किंग फुकट नसतंच, त्याचे पैसे गाडी नसलेलेही भरतात. दर असा ठेवा की रस्त्याच्या प्रत्येक टप्प्यात एखाद-दोन जागा रिकाम्या राहतील. म्हणजे जागा शोधत फिरणाऱ्या गाड्यांची गर्दी होत नाही. मला पटतं.

दगडफूल

मामा, पटतं आम्हालाही. पुण्यात २०१८ मध्ये महापालिकेने पार्किंग धोरण आणलं तेव्हा केवढा गदारोळ. आंदोलनं काय, घोषणा काय. शेवटी 'पाच रस्त्यांवर प्रायोगिक' असं ठरलं. आम्ही आपले पी-१, पी-२ च्या पाट्या वाचत आज तारीख सम की विषम ते आठवत बसतो. रात्री बाराला तारीख बदलते हे लक्षात घेऊन जेवायला जायचं.

सुटे_पैसे

मामा, तुमच्याशी भांडण नाहीच. पहिल्याच ओळीत म्हटलंय, पैसे घ्या. माझं म्हणणं फक्त पैसे घेण्याच्या व्यवस्थेबद्दल आहे. दर जास्त ठेवा, पण गल्ला उघडा ठेवा.

इलिनॉयकर

पैसे घेण्याची व्यवस्था कशी नासते ते पाहायचं तर शिकागो. २००८ च्या डिसेंबरात शहराने रस्त्यांवरची ३६ हजारांच्या आसपास मीटरं एका खाजगी कंपनीला ७५ वर्षांसाठी देऊन टाकली, सुमारे ११५ कोटी डॉलरला. अर्थसंकल्पात खड्डा होता, तो बुजवायचा होता. नगरसेवकांनी करार नीट वाचायच्या आत मंजूर केला. लगेच दर वाढले, जुन्या मीटरांत नाणी इतकी भरायला लागली की ती तुंबली. पुढच्या वर्षी शहराच्याच इन्स्पेक्टर जनरलने अहवाल दिला की सुमारे ९७ कोटी डॉलर कमी घेतले. गुंतवणूकदारांचे पैसे केव्हाच वसूल झालेत, करार अजून अर्ध्यावरही आलेला नाही.

खरी गोम पुढे आहे. शहराने रस्त्यावर जत्रा भरवली, सायकलची मार्गिका काढली, बसथांबा केला आणि मीटरची जागा गेली, तर शहरच कंपनीला भरपाई देतं. स्वतःच्या रस्त्याचं भाडं!

आबा_कोथरूड

मी ७४ वर्षांचा. मुलाकडे लीड्सला दोन महिने होतो. एक लक्षात आलं: जिथे तिथे 'क्यूआर कोड स्कॅन करा'. तो कोड कुणी चिकटवला हे कळणार कसं? मुलाने सांगितलं की चोर खोटे कोड खऱ्याच्या वर चिकटवतात. थॉर्नबी स्टेशनच्या पार्किंगात एका माझ्याच वयाच्या बाईंचे असेच १३ हजार पौंड गेले म्हणे, २०२३ ची गोष्ट. मी नखाने खरवडून बघायचो, वरून चिकटवलेलं असेल तर कड लागते. सून हसायची. हसू दे.

आमच्यासारख्यांनी करायचं काय? स्मार्टफोन नसलेला माणूस गाडी चालवू शकतो, पण गाडी लावू शकत नाही, असं झालंय.

अनुजा_ब्रिस्टॉल

आबा, नखाने खरवडणं अगदी बरोबर, सुनेलाही शिकवा. कोडने भरूच नका, अ‍ॅप आपल्या अ‍ॅप स्टोअरमधूनच घ्या आणि पाटीवरचा जागेचा नंबर हाताने टाका. अनेक अ‍ॅप्सच्या पाटीवर फोन करून पैसे भरायचा नंबरही असतो, साध्या फोनवरून चालतो. यंत्राचा आवाज सहनशक्ती पाहतो, पण काम होतं.

अ‍ॅप्सच्या भाऊगर्दीवर 'नॅशनल पार्किंग प्लॅटफॉर्म' नावाची सरकारी योजना निघाली, आता ती पार्किंगवाल्यांच्या संघटनेकडे दिली आहे. जी कौन्सिलं त्यात सामील आहेत तिथे फोनमध्ये आधीच असलेलं कुठलंही सामील अ‍ॅप चालतं. आपल्या यूपीआयसारखं म्हणा. हळूहळू पसरतंय.

म्युनिककर

अवांतर: जगातलं पहिलं पार्किंग मीटर १९३५ च्या जुलैत ओक्लाहोमा सिटीत लागलं, तासाला पाच सेंट. लंडनला यायला १९५८ उजाडलं. ओक्लाहोमात मीटरच्या भानगडीत पहिल्यांदा पकडले गेले ते एक पाद्री, अशी हकिकत सांगतात. ते कोर्टात म्हणाले, सुटे आणायला समोरच्या दुकानात गेलो होतो. न्यायाधीशांनी सोडून दिलं.

चकली

सुटे_पैसे, तुमचा आयडी पाद्र्याला द्या. 😀

प्रवासी_पक्षी

धागा वाचून घाम फुटला. पुढच्या महिन्यात आठ जण लेक डिस्ट्रिक्टला (इंग्लंडमधला तळ्या-डोंगरांचा भाग) चाललोय, भाड्याच्या दोन गाड्या. नेमकं काय सांभाळायचं? दंड झाला तर कळणार कसं, आम्ही तोवर नाशिकला परतलेलो असू.

अनुजा_ब्रिस्टॉल

पत्र गाडीभाड्याच्या कंपनीकडे जातं. ती तुमचं नाव-पत्ता कळवते आणि कळवण्याचे वेगळे पैसे तुमच्या कार्डावर टाकते. म्हणजे दंड माफ झाला तरी ते पैसे जातातच. म्हणून गाडी घेताना ही फी किती ते कागदावर बघून घ्या.

डोंगरात सिग्नलचा भरवसा नाही, तेव्हा एक-दोन मोठी अ‍ॅप्स भारतातून निघण्याआधीच उतरवून कार्ड जोडून ठेवा. ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार असेल तर रोमिंग चालू ठेवा. आत शिरल्यावर आधी पाटी वाचा, तिचा फोटो काढा, मशीन बंद असेल तर स्क्रीनचा फोटो काढा. आणि पैसे भरायला जमतच नसेल तर कुटुंबाला खाली उतरवू नका, सरळ बाहेर पडा आणि दुसरी जागा शोधा. पहिली काही मिनिटं विचार करायला मिळतात, ती डबा उघडण्यासाठी नसतात.

नट_बोल्ट

यात भर: नॅशनल ट्रस्टचे (जुने वाडे आणि निसर्ग जपणारी इथली संस्था) सभासद असाल तर त्यांच्या पार्किंगात पैसे पडत नाहीत, आणि लेक डिस्ट्रिक्टमध्ये त्यांची पार्किंगं भरपूर आहेत. आठ जण आठवडाभर फिरणार असाल तर हिशेब करून बघा. सभासदाचं कार्ड मात्र मशीनवर स्कॅन करावं लागतं.

प्रवासी_पक्षी

मशीनवर??

नट_बोल्ट

चालू असलं तर. नाही तर फोटो काढा.